अडीच फूट

सर, धामणीच्या लाकडाच्या अकरा बॅटी. सहा मिलीच्या सळईचा कॅचरचा मुखवटा. गोणपाटात भुसा ठासून शिवलेले तीन बेस. रबरी पट्ट्याची पाचकोनी होम प्लेट, समोरून बरोबर सतरा इंच. आकड्यांच्या पाट्या अडकवायचा पत्र्याचा गुणफलक. आणि सुताची एक दोरी. एवढं मी आपल्या बेसबॉलच्या संघासाठी माझ्या हातांनी केलं. दहावी नापास माणसाला लेथ शिकवणार कोण? पाणी उपसायच्या जळक्या मोटरीला मी स्वतः तार गुंडाळली, तिच्यावर लेथ बसवलं आणि शिकत गेलो. पहिली बॅट बाभळीची केली, ती तुम्ही हातात तोलून पाहिली होती. "अबे, हे बॅट हाय का मुसळ? पोरायच्या खांद्याले कुठं डॉक्टर पाहू?" मग मी संग्रामपूरच्या वखारीतून धामण आणली. धामण वाकते, पण तुटत नाही. ती बॅट तुम्ही तीनदा फिरवली आणि माझ्याकडे परत न देता स्वतःच्या सायकलला बांधली. तेवढी शाबासकी मला पुष्कळ झाली.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आपला संघ त्याच्याही कितीतरी आधी गेला. आता गावातल्या कुणाला सांगितलं की इथे पाच वर्षं बेसबॉल होता, तर पोरं मोबाईलवरून मानही वर करत नाहीत. तुम्ही शाळेचे पीटीचे सर, कुठल्याशा शिबिरातून एक चेंडू आणि एक फाटकी पुस्तिका घेऊन आलात, आणि दर रविवारी बाजाराच्या मैदानात एसटीचा कंडक्टर, दोन भाजीवाले, गॅरेजवाला आणि मी, असे बाप्ये जमायला लागलो. पारावरची म्हातारी मंडळी हसायची. "काऊन हो मास्तर, या वयात गिल्लीदांडू खेळून राह्यले का?" तुम्ही म्हणायचात, "हाव, फक्त गिल्ली गोल हाय." दुसऱ्या वर्षी आपण डोणगावात जिंकलो तेव्हा तीच मंडळी टेम्पोत आपल्या आधी चढून बसली होती.

त्या मैदानाचे आता प्लॉट पडले आहेत. चेंडू टाकणारा पिचर उभा राहायचा तिथे पाण्याची टाकी आहे. पहिला बेस पिठाच्या गिरणीच्या पायरीत गेला. होम प्लेट एका घराच्या स्वयंपाकघरात येते, नेमकी ओट्याखाली. हे मी अंदाजाने सांगत नाही, मैदानाच्या कडेच्या कडुलिंबापासून मोजून सांगतो. त्या घराच्या खिडक्यांना जाळ्या मीच बसवल्या. घरच्या बाई पाणी आणायला गेल्या आणि मी ओट्यापाशी उकिडवा बसलो, कॅचर बसतो तसा, डावा पंजा पुढे धरून. समोर फ्रिज होता. पण फ्रिजच्या मागून तुमची शिट्टी आली, सर. एक लांब, दोन आखूड. बाई दारात उभ्या. "काही सांडलं का हो दादा?" मी म्हटलं, "नाही, लेव्हल पाहत होतो."

तुम्हाला जे लिहायला बसलो ते अजून लिहिलं नाही.

मैदान आखायला तुम्ही नायलॉनची दोरी आणायला निघाला होतात. मी अडवलं. नायलॉन उन्हात ताणतं, म्हटलं, सुताची मी वळून देतो. तीन पदरी वळली, तीन गाठी मारल्या: साठ फूट सहा इंचांवर पिचरची, नव्वद फुटांवर बेसची, आणि टोकाला समोरासमोरच्या बेसची, एकशे सत्तावीसच्या थोडी पुढे. तुम्ही शाळेची टेप आणली तेव्हा मी रागावलोच. "सर, माझी दोरी एकदा मोजली म्हणजे मोजली." तुम्ही हसून टेप खिशात घातली. नंतर कधी काढली नाही.

आणि मग तो अंतिम सामना, आपल्याच मैदानावर. पाहुणे जिल्ह्याच्या गावाहून येणार. दोरी काळ्या मातीने मळली होती. पाहुण्यांसमोर अशी काय काढायची, म्हणून आदल्या दिवशी सकाळी मी ती धुण्याच्या पावडरीत भिजवली, दगडावर घासली, दिवसभर वाळवली. पांढरीशुभ्र झाली. भिजलेलं सूत आखडतं हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बैलाचा कासरा धुतला की आमचा बाप तो दोन झाडांत ताणून बांधायचा. माझी सोळा फुटी टेप पँटच्या खिशात होती. मी ती काढली नाही. सामन्याच्या सकाळी मी दोरी धरली, तुम्ही तिच्या कडेने चुन्याची फक्की टाकत गेलात. तिन्ही गाठी एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. जुळणारच, सगळी दोरीच सारखी आखडली होती.

आपण एका धावेने जिंकलो. कंडक्टर होम प्लेटवर पाय टेकवतो आणि चेंडू त्याच क्षणी येतो, ते मला आत्ता इथे बसून दिसतं. अर्ध्या पावलाचा फरक. समोरच्यांच्या प्रशिक्षकाने स्टीलची टेप मागवली, वाकून वाचली. "नव्वदच्या जागी साडेसत्त्याऐंशी." चारही बाजू मोजल्या. मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मैदान कोनं आखलं?" दोरी माझ्या खांद्यावर होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माप माह्यं हाय," तुम्ही म्हणालात. "पोरायचा काही संबंध नाही." मी त्या वेळी चोवीस वर्षांचा होतो, सर. पोर नव्हतो.

जिंकलेला सामना गेला, दोन वर्षांची बंदी आली, आणि तेवढ्या काळात माणसं पांगली ती पुन्हा जमली नाहीत. तुम्ही बाजारातून निघालात की मागून कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, अडीच फूट सरका हो, गाडी काढू द्या." निवृत्तीच्या समारंभातही एकाने माईकवरून हाच विनोद केला, आणि तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात. मी तिसऱ्या रांगेत होतो. मीही हसलो.

बंदीच्याच वर्षी मी वर्कशॉप टाकलं. उद्घाटनाला तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. उघडलं तर स्टीलची टेप, शंभर फुटी. "राहू दे, कामी येईन." एवढंच बोललात, चहा प्यालात, गेलात. तेव्हापासून प्रत्येक गेट, प्रत्येक जिना मी तिनेच मोजतो. आणि ती सरसर आत गुंडाळली जाते तेव्हा दर वेळी वाटतं, तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल तर रागावला का नाहीत? एकदा रागावला असता तर मी मोकळा झालो असतो.

परवा पुण्याहून एक गृहस्थ आले. खेळांचं संग्रहालय करताहेत. एकेक वस्तू त्यांनी हातात घेऊन पाहिली, धामण ओळखली, मुखवट्याचे जोड मोजले. सगळं विकत घेतो म्हणाले. अट एकच: प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी, मी लिहिलेल्या, माझ्या सहीच्या. मी बसून बॅटींच्या लिहिल्या, मुखवट्याच्या, बेसच्या, प्लेटच्या, गुणफलकाच्या लिहिल्या. दोरीचा कागद कोरा राहिला. ते म्हणाले, "दोरी द्यायची नसेल तर राहू द्या, बाकीचं देता का?" मी त्यालाही नाही म्हटलं. गावात आता म्हणतात, गुरूच्या आठवणीसाठी माणसाने पैसा नाकारला. मी त्यांनाही दुरुस्त केलेलं नाही.

हे पत्र दोरीच्या वेटोळ्यात ठेवतो आहे. दोन ओळी होत्या, सर. त्या न लिहिण्यासाठी मी साठ हजार रुपये सोडले.