किलोभर शिसं

आई,

दादाचा मुलगा नवं फेकजाळं विणतोय. जाळ्याच्या कडेला लावायला त्याला शिशाच्या गोळ्या हव्यात, आणि बाजारातल्या तयार गोळ्या हलक्या असतात, जाळं तळाला नीट बसत नाही, असं तुझंच वाक्य तो मला ऐकवतो. तू गेलीस तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मला म्हणाला, ‘‘आत्या, आजी शिसं कुठनं आनायची?’’ मी म्हटलं, आठवत नाही. खरं तर मला त्या दुकानाची पायरीसुद्धा आठवते. पण आता कंटाळा येतो गं, आठवण्याचाही आणि न आठवण्याचाही. शाळेतून घरी आले की पाय सुजलेले असतात, नगरच्या या दोन खोल्यांत चहा करून प्यायचाही उत्साह नसतो, आणि त्यात हे शिसं पुन्हा वर आलं.

पुणतांब्याच्या घराचं मागचं दार नदीकडे उघडायचं आणि त्या दारातच तुझी दुसरी चूल होती. त्या चुलीवर भात कधी शिजला नाही. तिच्यावर फक्त शिसं वितळायचं. लोखंडी पळी वेगळी, ती खुंटीला वेगळी टांगलेली, आणि तिला हात लावला की चिंचेने हात घासल्याशिवाय तू मला भाकरीला शिवू द्यायची नाहीस. पळीत शिसं पातळ व्हायचं, वर राखाडी साय धरायची, ती तू काडीने बाजूला सारायचीस आणि विटेत कोरलेल्या साच्यात चमचमती धार सोडायचीस. दादा आणि बाबा नदीत जाळं टाकायचे, मासे विकायचीस तू, पण तुझा खरा दिमाख शिशाचा. गावातली सगळी जाळी तुझ्या गोळ्यांवर बुडायची.

कच्चं शिसं आणायला तू श्रीरामपूरला चाचांच्या भंगाराच्या दुकानात जायचीस. झिजलेल्या, फुटलेल्या गोळ्या घरी वितळवून तू त्यांचे वाटीएवढे गोळे करायचीस, ते चाचांना द्यायचीस आणि बदल्यात नळाच्या जुन्या पाइपांचं मऊ शिसं घ्यायचीस. बाकी कुणी असे गोळे आणले की चाचा आधी ते वितळवून बघत, आत काय निघतंय ते पाहून मग भाव ठरवत. तुझे मात्र तसेच तराजूत टाकत. ‘‘बाई, तुमचं शिसं मी वितळवून बगत न्हाई,’’ ते म्हणायचे. आणि तू भावाची घासाघीस कधी केली नाहीस. एवढंच म्हणायचीस, ‘‘तुमच्या आईला ज्या भावानं दिलं असतं, त्या भावानं द्या.’’ ते हसायचे आणि तसंच द्यायचे. एकदा मी गंमत म्हणून तराजूच्या पारड्याला बोट लावलं, तर तू सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत ठेवून दिलीस. मग चाचांनी मला गुळाचा खडा दिला. तुझी चपराक मला आजही जास्त खरी वाटते.

त्या उन्हाळ्यात नदीचं पाणी हटलं होतं आणि तू मला म्हणालीस, पात्रात पडलेल्या गोळ्या वेच, त्यांचा तुझा वेगळा गोळा करू, किलोभर भरला तर त्याची तुला चप्पल. मी महिनाभर वाळू उकरली. गोळा झाला, तू मासळीच्या तागडीत घातलास, आणि तो थोडासा कमी भरला. ‘‘आसूं दे, पुढल्या उन्हाळ्यात भरंल,’’ म्हणालीस आणि पाटी घेऊन बाजाराला गेलीस. मी दहा वर्षांची होते. पुढचा उन्हाळा म्हणजे मला म्हातारपणच वाटलं.

तू बाजाराला गेल्यावर मी चूल पेटवली, आई. माझा गोळा वितळवला, वाटीत ओतला आणि त्यात नदीकाठच्या पाणी उपसायच्या इंजिनापाशी सापडलेला एक आखूड, जाड बोल्ट सोडला. तो वर आला. मला माहीत नव्हतं लोखंड शिशावर तरंगतं ते. पुन्हा पुन्हा वर आला. मग मी बाभळीच्या काडीने तो खाली दाबून धरला, पळीत राखलेलं थोडं शिसं वर ओतलं आणि थिजेपर्यंत काडी सोडली नाही. हे सांगते कारण चूक झाली असं मला कधीच म्हणता येणार नाही. चूक इतका वेळ दाबून धरावी लागत नाही. संध्याकाळी तुला सांगितलं, अजून गोळ्या सापडल्या. तू तागडी उचललीस आणि म्हणालीस, ‘‘बग, हुडकलं की घावतंय.’’ दुसऱ्या दिवशी चाचांनी तो गोळा न बघता घेतला आणि येताना तू मला लाल पट्ट्यांची चप्पल घेतलीस.

पुढच्या खेपेला चाचांनी तराजूशेजारी तो बोल्ट ठेवलेला होता. कुणाला तरी शिशाच्या विटा ओतून हव्या होत्या म्हणून त्यांनी तुझ्याकडून आलेलं सगळं शिसं एकदम वितळवलं होतं. हळू आवाजात म्हणाले, ‘‘बाई, ह्यो तुमच्या मालातनं निगाला.’’ तू बोल्टाकडे पाहिलंस. ‘‘माज्या हातनं असलं व्हायचं न्हाई. दुसऱ्या कुनाचं तरी माज्यात मिसळलंय तुमी.’’ ते म्हणाले, ‘‘तुमचं येगळं ठेवलं हुतं.’’ टेम्पो भरणारे दोघे हमाल थांबून ऐकायला लागले. तू पिशवी उचललीस आणि पायरी उतरलीस ती कायमची. मी मागे, नव्या चपलेत. वाटेत चप्पल चावायला लागली तर तू म्हणालीस, ‘‘हातात घे, लागत आसंल तर.’’ मला तू काहीच विचारलं नाहीस. तुझ्या मनात ते आलंसुद्धा नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

त्यानंतर तू दोन एसट्या बदलून लांबच्या दुकानात जायला लागलीस. तिथे मिळायचं ते बॅटरीचं शिसं, कडक, वास मारणारं. ते वितळवताना तू खोकायचीस आणि त्याच्या गोळ्या खडकावर आपटून फुटायच्या. पण हे एकवेळ चाललं असतं. मला बघवायचं नाही ते वेगळंच. तिथे पोचल्यावर दुकानदाराने काही म्हणायच्या आधीच तू पिशवीतून कोयता काढायचीस आणि आपला प्रत्येक गोळा फोडून त्याला आतून दाखवायचीस. जिचं शिसं कधी कुणी तपासलं नाही ती तू, घाम पुसत, एकेक गोळा फोडत बसलेली. शेवटपर्यंत तसंच केलंस.

मागच्या रविवारी मी पुणतांब्याहून तुझा राहिलेला एक गोळा घेऊन श्रीरामपूरला गेले. निघताना मी त्याच्यावरून लोहचुंबक फिरवलं. हो, तुझ्या गोळ्यावरून, मी. दुकानात आता चाचांचा मुलगा बसतो, काटा विजेवरचा आहे. त्याने गोळा कापायला कटर हातात घेतला. चाचा कोपऱ्यात खुर्चीवर होते, खूप थकलेत, मान हलते. ‘‘कुनाचा हाय?’’ विचारलं. मी सांगितलं. ‘‘पुनतांब्याच्या बाईंचा? मग कापू नको. ठेव तसाच.’’ मला जवळ बोलावलं. म्हणाले, ‘‘पोरी, त्या दिशी माजंच चुकलं आसंल. हमालांनी माल मिसळला आसंल. तुज्या आईच्या हातनं तसं हुनारच न्हाई, हे मला नंतर लई वाटलं. माफी मागायला येनार हुतो, तवर बाई गेल्याचं कळलं.’’

मुलगा पावती लिहीत होता. मला सांगता आलं असतं, एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, ‘‘जाऊ द्या चाचा, आईच्या मनात काही नव्हतं.’’ त्यांनी डोळे पुसले. माझ्या बोल्टासाठी मी त्यांना तुझ्या वतीने माफ करून आले. शिसं मऊ दिलंय, पाइपांचं. भाव मी विचारलाच नाही, तुला लावायचे त्याच भावाने दिलं असणार.

जाळं या महिन्यात पुरं होईल. हे पत्र लिहिताना सारखं वाटतं की हे तुला नाही, त्यांना लिहायला हवं. तुला अक्षरओळखही नव्हती. चाचा मात्र अजून आहेत, आणि चष्मा लावून रोजचा पेपर वाचतात. म्हणूनच मी हे तुला लिहिलं.