पुन्हा रुजू

चेरीताल, जबलपूर
१३ जून १९७१

ती. गं. भा. आईंना,
वसुधाचा शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी कामावर रुजू झाले. बाळंतपणाच्या रजेला जोडून जेवढी म्हणून रजा मिळत होती तेवढी घेतली. आणखी ओढली असती तर जागाच गेली असती. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी फॅक्टरीच्या गेटच्या आत होते आणि जीव मात्र बेबीच्या पाळण्यापाशी. तिला शेजारच्या सुमेधाताई सांभाळतात. रडली का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, अजिबात नाही. ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण मलाच रडू आलं.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात मी अजून एकटीच बाई आहे. माझं टेबल तेच, खुर्चीवर मात्र कुणीतरी सहा-सात महिन्यांच्या फायली रचून ठेवल्या होत्या. हेड ड्राफ्ट्समन भाऊरावांनी त्या स्वतः उचलल्या आणि म्हणाले, चलो, आता ट्रेसिंगच्या रेघा सरळ येतील. काम खूप वाढलंय. सगळे लढाईच्या गोष्टी बोलतात. हात मात्र विसरला नव्हता. त्रास एकच. नकाशांच्या प्रती काढायचं अमोनियाचं यंत्र माझ्या मागेच आहे आणि त्या वासानं हल्ली मळमळतं. दोनदा बाहेर जाऊन उभी राहिले.

हे मालगाडीवर गार्ड म्हणून गेले की दोन-दोन दिवस घरी येत नाहीत. बेबी बसायला लागली आहे. तुम्ही होळीला गेलात तेव्हाची ती आणि आत्ताची ही यांत ओळखीचं फक्त नाक उरलंय, तेही तुमचंच. भावजींना व वहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
वसुधा

नागपूर
२१ जून १९७१

चि. सौ. वसुधास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लष्कराच्या फॅक्टरीत तू काय रेखाटतेस ते सांगायची बंदी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून ते विचारत नाही. बाकीचं तर सांगशील? खोली केवढी? खिडकीतून काय दिसतं? दौतीतली शाई त्या ट्रेसिंगच्या कापडावर पसरत काहून नाही? पुरुषांच्या मधे बसून डबा खाताना तुझ्याकडे कुणी बघतं का, की आता सवय झाली त्यांना? मागच्या वेळी मी तिथे तीन-चार महिने होते, पण तू रजेवर, मी ओल्या लंगोटांत. विचारायचं राहून गेलं.

आणखी एक विचारते, उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. अमोनियाचं ते यंत्र तू लागलीस तेव्हापासून तिथेच आहे ना? दोन वर्षं तुला त्याचा वास आला नाही. मग आत्ताच काहून यायला लागला?

इकडे तुझा दीर चिंतामणी ठीक. त्याच्या बायकोनं लोणचं घातलं, मीठ कमी पडलं, मी बोलले नाही. बघ, किती सुधारले मी. बेबीला माझा पापा, शैलेंद्रला आशीर्वाद. पत्र लवकर टाक, मी वाट बघून राहिले आहे.

तुझी,
आई

चेरीताल, जबलपूर
२ जुलै १९७१

ती. गं. भा. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. हो. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात मला शंका आली होती, आता लेडी डॉक्टरांनी सांगितलं की जानेवारीत. बेबीला तेव्हा चौदावा महिना असेल. तुम्हाला लिहायला लाज वाटत होती. कसली लाज ते मला नीट सांगता येत नाही. आनंद नाही असं नाही, पण तो अजून दारातच उभा आहे, आत आलेला नाही.

ह्यांना सांगितलं, तर हे आधी हसले, मग म्हणाले की आता नोकरी सोडलेलीच बरी. रागावून नाही हो, अगदी सरळ, छत्री घेऊन जा म्हणावं तसं म्हणाले. ऑफिसात भाऊरावांना सांगणं भाग होतं, त्या वासामुळे. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कारकुनाला विचारलं की अशी रजा इतक्या लवकर दुसऱ्यांदा मिळते का, आणि कारकून म्हणाला, आजतक किसी ने माँगी नहीं. दुसऱ्या दिवशी माझं टेबल खिडकीशी हललेलं होतं. पण मधल्या सुट्टीत मी आत शिरले की बोलणं थांबतं. एकानं विचारलंसुद्धा की दीदी, मग आलीसच कशाला?

त्याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतेय. पेनची निब कापडावर टेकवली की माझा श्वास आपोआप हळू होतो. घरात कुठेही तो तसा होत नाही. हे कारण म्हणून सांगता येईल का? तुम्ही सांगाल तसं करीन. सोड म्हणालात तर सोडीन.

खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं आणि सायकलस्टँड. शाई पसरू नये म्हणून कापडावर आधी खडूची पूड चोळतात. रागवायचं असलं तरी पत्रात रागवा, पण पत्र पाठवा.

आपली,
वसुधा

नागपूर
९ जुलै १९७१

चि. सौ. वसुधास अनेक आशीर्वाद.

रागवायला काय झालं? पोर येतंय, दरोडा नाही. मी मात्र दोन दिवस विचार करून मग लिहायला बसले.

तुला हे शैलेंद्रनं सांगितलं नसेल, कारण त्यालाही माहीत नाही. मागच्या महायुद्धात, त्रेचाळीस साली, आम्ही तिथेच, जबलपूरच्या गढ्यात राहत होतो. तुझे सासरे तेव्हा फॅक्टरीत होते. मी गढ्याच्या मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. चिंतामणी झाला, त्याला शेजारणीकडे ठेवून मी परत शाळेत गेले. तो वर्षाचाही नव्हता आणि शैलेंद्रची चाहूल लागली. मी हेडबाईंना सांगितलं आणि घरी आले. कुणी सोड म्हटलं नाही. तुझ्या सासऱ्यांनीही नाही. मलाच वाटलं की आता सुटलंच. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी वर आलं की आपण पलीकडे जात नाही, तसं.

दुःख करून नाही राहिले मी. पोरं मोठी झाली, संसार झाला. पण कधी कधी भाजी निवडताना मनात येतं, दुसऱ्या दिवशी उठून शाळेत गेले असते तर काय झालं असतं? कोण काय म्हणालं असतं? मला जमलं असतं का? खरंच माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून माहीत नाही.

म्हणून मी तुला सोड म्हणत नाही, आणि करच असंही म्हणत नाही. तब्येत तुझी, दिवस तुझे. डॉक्टरीणबाईंनी बस म्हटलं तर त्या क्षणी बसायचं. पण नुसतं रीत म्हणून सोडणार असशील तर जरा थांब. दसऱ्याला मी वळकटी घेऊन येते आणि पोरं मोठी होईपर्यंत राहते. चिंतामणीला सांगितलं आहे. शैलेंद्रला वेगळं कार्ड टाकते, तू त्याच्यावर डोळे वटारायचे नाहीत.

श्वासाचं ते कारण मला तरी पुरलं. जपून रहा, दूध पी, आणि लिहीत रहा.

तुझी,
आई

कटनी स्टेशन
२५ जुलै १९७१

ती. आईस सा. न.

कार्ड मिळालं. तू शाळेत शिकवत होतीस हेच मला नवीन. आणि माझ्यापायी सोडलंस हे तर त्याहून. वसुधाला मी सोड म्हटलं ते तिला विश्रांती मिळावी म्हणून, पण तिला काय हवंय हे मी विचारलंच नाही. काल विचारलं. ती बराच वेळ बोलत होती. दसऱ्याला घ्यायला स्टेशनवर येतो. गाडी सुटतेय. माया असू दे.

शैलेंद्र

चेरीताल, जबलपूर
१९ डिसेंबर १९७१

चि. चिंतामणीस अनेक आशीर्वाद.

लढाई संपली, आता ब्लॅकआउटला काचांवर लावलेले काळे कागद काढायचे. बेबीनं खालचे आधीच फाडून ठेवले आहेत. ती चालते, पडते, आणि पडली की कोण बघतंय ते आधी बघते.

तू विचारलंस की वसुधाला त्या धामधुमीत रजा कशी मिळाली. ऐक. लढाई सुरू झाली आणि नोटीस लागली की सगळ्यांच्या सगळ्या रजा रद्द. हिची बाळंतपणाची रजा त्याच आठवड्यात सुरू व्हायची होती. कारकुनाला विचारलं तर तो म्हणतो, सब माने सब. भाऊराव म्हणाले, साहेबांना अर्ज लिहू. वसुधा म्हणाली, अर्ज टेबलावर पडून राहील, मी जाऊन विचारते. आठवा महिना भरलेला, अंगावर शैलेंद्रचं जुनं स्वेटर, तशीच साहेबाच्या खोलीत उभी राहिली. म्हणाली, माझी रजा मी रद्द करते साहेब, पण येणारा तुमच्या फॅक्टरीत नोकरीला नाही, त्याला नोटीस कशी द्यायची? साहेब इतका हसला म्हणे की बाहेरचा शिपाई आत डोकावला. जाशील त्या दिवसापासून रजा, असं तिथल्या तिथे लिहून दिलं.

आणि ही बया लगेच गेली का? नाही. ट्रेसिंगचा ढीग पडला होता, म्हणून लढाई संपेपर्यंत रोज गेली. मी बोलले, भांडले, अबोला धरला. डॉक्टरीणबाईंकडे मीच तिला घेऊन गेले, त्या माझ्या बाजूनं बोलतील म्हणून. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, बसून करायचं काम आहे ना, मग दगदग न करता करू दे. घाबरले होते रे मी. नोकरी सोडायच्या आधी जरा थांब असं तिला म्हणणारी मीच, आणि आता माझ्यामुळे तिला काही झालं तर? रोज संध्याकाळी बेबीला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचे. सायकलरिक्षात तिची लाल शाल दिसली की मगच परत फिरायचे.

कालपासून ती घरी आहे आणि नुसती झोपून राहिली आहे. तुम्ही सगळे सुखी रहा.

आई

चेरीताल, जबलपूर
२३ एप्रिल १९७२

चि. चिंतामणीस अनेक आशीर्वाद.

आई कधी येतेस, असं प्रत्येक पत्रात विचारतोस. एवढ्यात नाही येत. जानेवारीतला बाळ आता मान धरतो, आणि बेबी त्याला आपलं खेळणं समजते, त्यामुळे मला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं.

परवा वसुधा पुन्हा रुजू झाली. सकाळी बाळाला पाजलं, बेबीचे केस विंचरले, डबा उचलला, दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मला वाटलं होतं, ती गेल्यावर घर एकदम ओकंबोकं होईल. दोघं पोरं एका सुरात रडतील, मी वेडी होईन. दहा मिनिटं रडलीच. मग बेबीला कावळा दिसला आणि बाळाला झोप आली.

संध्याकाळी ती आली ती चप्पल न काढता पायरीवर बसली. चेहरा असा, की मला वाटलं नोकरीचं काही बिनसलं. खूप विचारल्यावर म्हणाली की आई, आज नवीन मोठं ड्रॉइंग होतं. मी त्यात इतकी बुडाले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला ही दोघं आठवलीसुद्धा नाहीत. एकदाही नाही. अशी कशी आई मी? आणि रडायला लागली.

चिंतामणी, मी पाणी दिलं. समजूत घालायला शब्द जुळवत होते. पण तोंडातून निघालं भलतंच. मी तिच्याशेजारी पायरीवर टेकले, बाळाला तिच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, असं कामात बुडून जाणं कसं असतं गं, मला सांग.

तिनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं, आणि सांगायला लागली. दिवेलागण टळून गेली तरी आम्ही तिथेच होतो.

तुमच्या सगळ्यांवर माझा जीव आहे, हे सांगायला नको.

आई