चावणारा दिवा

मंगळवार, संध्याकाळ

भंगारातला जुना रस्त्यावरचा दिवा शेवटी ओट्यावर लावला. रंगाचे तीन हात. ब्रशची एक रेघ दिसत नाही.

हिने पुसायला हात लावला आणि किंचाळली, "अहो, तुम्हना दिवा चावस!" ओला हात असेल, म्हणालो. दिव्याच्या उघड्या स्क्रूला टेस्टर लावला, तर पेटला. वायरमनला बोलावू? मी?

मेन बंद करून दिवा उघडला. आतली वायर सोलवटून लोखंडाला टेकली होती, बदलली. पण अर्थिंग? मीच जोडलं होतं ना? जोडलं होतं, पण रंगावर; लोखंडाला टेकलंच नव्हतं. माझ्याच तीन हातांवर! तेवढा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, अर्थिंग पुन्हा आवळलं. मेन चालू केला. आता टेस्टर पेटत नाही.

हिला म्हटलं, लाव हात.

"पयले तुम्ही."

लावला. पण डोळे मिटून.