अभाव पुसण्यास हरकत नाही

३ मार्च, सकाळी १०.१०
संगणकाने आज फाइल साठवण्यास नकार दिला. कारण, जागा नाही. अनुमान उघड आहे: अकरा वर्षे चालू असलेला माझा तर्कशास्त्रावरील ग्रंथ डिस्कमध्ये मावेनासा झाला. मुलगी फोनवर म्हणाली की बाबा, नुसत्या मजकुराने डिस्क भरत नाही, तुमचे ते बुद्धिबळाचे व्हिडिओ आधी काढा. विषयांतर.
ठराव: चौपट मोठी डिस्क आणणे. ऑपरेटिंग सिस्टिम ग्रंथासह तिच्यावर हलवणे. अवधी दीड तास.

५ मार्च
डिस्क आली. साबणाच्या वडीएवढी. पत्नीला शंका की एवढ्याशा डबीत चौपट कसे मावणार. आकार आणि आशय यांतील भेद समजावला. समजलं, आता जेवायला चला, असे म्हणाली.
मुलीचा आग्रह की आधी ग्रंथाची एक प्रत मला पाठवून ठेवा. क्लोन म्हणजेच प्रत. प्रतीआधी प्रत, तिच्याआधी आणखी एक. हा अनवस्था दोष. शिवाय अपूर्ण ग्रंथ कोणासही दाखवायचा नाही, हा माझा जुना नियम.

६ मार्च, ११.००
पेनड्राइव्हवरील क्लोन करणारा प्रोग्राम विचारतो, कोठून कोठे? पर्याय दोनच: डिस्क ०, डिस्क १. शून्य म्हणजे अभाव; म्हणून डिस्क ० रिकामी, अर्थात नवी. डिस्क १ पहिली, अर्थात जुनी. एकवरून शून्यावर. सूचना आली की डिस्क ० वरील सर्व काही पुसले जाईल. अभाव पुसण्यास माझी हरकत नाही. 'होय' दाबले.

११.०४
पूर्ण. लोक या कामाचा उगाच बाऊ करतात.

११.३०
काळा पडदा. दोन्ही डिस्क आळीपाळीने लावल्या. दोन्ही सारख्याच रिकाम्या. प्रत मात्र निर्दोष निघाली आहे.

११.५०
मुलगी म्हणाली की यंत्र शून्यापासून मोजतं, बाबा, शून्य म्हणजे तुमची जुनी डिस्क. हे आरंभीच कोणी सांगितले नाही. पत्नीने खुर्ची पुढे केली. बसलो.

८ मार्च
मेव्हणे, म्हणजे पत्नीचे दादा, सांत्वनाला आले. हळू आवाजात बोलत होते. प्रकाशक म्हणाले की ही विद्येची हानी आहे, आपण एक छोटी सभा घेऊ. विनयाने संमती दिली. पाने किती होती, असे मेव्हण्यांनी विचारले तेव्हा आठशे सांगितली. प्रकाशकांना सांगेपर्यंत नऊशे झाली.
भूक उत्तम. कारण कळत नाही.

९ मार्च
पत्नी मला न विचारता दोन्ही डिस्क दुरुस्तीवाल्या बाईंकडे घेऊन निघाली. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही, हे निदर्शनास आणले. तिचे उत्तर: बैल गेला की आहे, ते त्या बाई बघतील.

१२ मार्च
एक अक्षरही गेलेले नाही. बाईंनी पत्नीसमोर समजावले की पुसली गेली ती फक्त डिस्कची अनुक्रमणिका, मजकूर जागच्या जागी होता. बुद्धिबळाचे व्हिडिओ बाराशे. ग्रंथाच्या फोल्डरमध्ये फाइली त्र्याहत्तर, आणि सगळ्यांत तीच अकरा पानी प्रस्तावना: 'अंतिम', 'खरी अंतिम', 'अंतिम सुधारित'. बाकीचा ग्रंथ कुठे ठेवला होता ते आठवून सांगा काका, पुन्हा शोधते, असे त्या कळकळीने म्हणाल्या. मला आठवेना.
पत्नी दारात कुलूप काढताना म्हणाली की दादाला तुम्हीच सांगा.

१३ मार्च
नवी डिस्क सुरळीत चालते. तीन-चतुर्थांश मोकळी. प्रस्तावना उघडली. पहिले वाक्य 'प्रस्तुत ग्रंथात' असे सुरू होते. या पदास वास्तवात आधार नाही, म्हणून ते खोडले. मग वाक्य उरले नाही.