कुशीवर वळा

सोमवार

आज सकाळी निघण्यापूर्वी मी श्वासाच्या मशीनची नळी कोमट पाण्याने धुतली, कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली आणि ती वाळेपर्यंत देवापुढे बसून राहिलो. मन प्रसन्न होतं. पन्नाशीला टेकलेल्या सुताराला रानातलं काम मिळावं म्हणजे मला सहलीला निघाल्यासारखंच वाटत होतं. ही डबा भरता भरता पुटपुटत होती. शेवटी म्हणाली, जा बाई एकदाचे, मलाही चार रात्री त्या मशीनच्या घरघरीविना झोप लागेल.

मला झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे. घोरता घोरता मी गप्प होतो. बाकीच्या बायकांची झोप नवरा घोरतो म्हणून मोडते, हिची मी घोरायचा थांबलो की मोडते. मग ती कोपराने ढोसून म्हणते, "अहो, कुशीवर वळा." मी झोपेतच ओ देतो, वळतो आणि श्वास पुन्हा चालू होतो. लग्नापासून हेच चालत आलं. गेल्या वर्षी मशीन आलं आणि तिची ही रात्रपाळी सुटली.

रोज उठल्यावर झोप कशी झाली ते लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. गावच्या शाळेत माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं, त्यामुळे लिहायचा कंटाळा नाही.

इथे दलदलीवरून लाकडी पायवाट बांधायची आहे. सध्या मुकादम, आचारी आणि मी, एवढेच आहोत. बाकीची माणसं रविवारच्या गाडीने येतील. जमीन ओली आणि मुंग्यांनी भरलेली, म्हणून झाडांना कापडी झोळ्या बांधून झोपायचं. मुकादमाला मात्र हत्यारांची पत्र्याची खोली आहे. माझा मास्क आणि नळी पाहून त्याने आचाऱ्याला हाक मारली, की ये रे, आपल्याकडे सोंडेसकट हत्ती आलाय. मीही हसलो.

मंगळवार

झोप छान झाली. झोळीत सरळ झोपलं की मान मुडपते आणि हनुवटी छातीला लागते. आचाऱ्याने तिरकं पडायला शिकवलं. कुशीवर मात्र वळायचं नाही, वळलात की खाली, असंही म्हणाला. झोळीत गारठा खालून लागतो. अंगावर दोन पांघरुणं घेतली तरी पाठ बर्फासारखी. त्याने आपलं जुनं घोंगडं पाठीखाली घालायला दिलं. तरी गार ती गारच.

लहानपणी आई मला अशाच झोळीत घालून बांधावर काम करायची. ते आठवून बरं वाटलं.

दिवसभर फळ्या बसवल्या. दोन फळ्यांमध्ये नखभर फट ठेवावी लागते. लाकूड पाण्याने फुगतं, त्याला जागा हवी. आचाऱ्याला वाटलं मी कामचुकारपणा करतोय. त्याला समजावताना गंमत वाटली.

बुधवार

मशीन बंद पडलं. बॅटरी उन्हावर भरायची, आणि या झाडीत ऊन उतरतच नाही. मुकादम म्हणाला, चार दिवस सोंडेशिवाय काढा, रविवारी गाडीतून दुसरी बॅटरी मागवू.

डोकं जड आहे. आचारी सकाळी चहा देताना म्हणाला की काका, तुम्ही घोरता घोरता एकदम थांबलात, मला वाटलं आटोपलं. पण काकूंचा फोन चालू होता म्हणून जिवात जीव आला. त्यांनी "अहो" म्हटलं, तुम्ही ओ दिलीत आणि पुन्हा करवत सुरू.

मी त्याला सांगितलं की इथे फोनच लागत नाही.

त्याने चहाचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाला की पाण्यापलीकडून आवाज आल्यासारखं वाटलं होतं खरं. पक्षी असेल.

गुरुवार

पक्षी नाही. आचाऱ्याने रात्री पूर्ण वाक्य ऐकलं, "अहो, कुशीवर वळा." आवाज अलीकडच्या काठावरून आला. हे वाक्य मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. मग आचाऱ्याने टॉर्च मारून पाहिलं, तर माझा एक पाय झोळीबाहेर लोंबत होता आणि कड कलंडली होती. त्याने मला धरून आत ढकललं. मला यातलं काहीच आठवत नाही.

आई सांगायची, दिवेलागणीनंतर एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. मी जन्मभर हे पाळलं. जागेपणी.

आज कामावर कुणी नसताना श्वास रोखून पाहिला. छाती फुटेपर्यंत रोखला आणि सोडला. तोंडातून जो आवाज निघाला तो "ओ" असाच होता. म्हणजे रात्रभर माझा श्वास जितक्या वेळा परत येतो तितक्या वेळा मी ओ देतो. ते थांबवायचं तर श्वास थांबवावा लागेल.

झोपताना नामस्मरण करतो. पण श्वास थांबला की नावही थांबतं. दोन नावांच्या मध्ये जी फट राहते, तिथे कोण असतं?

मुकादमाला म्हटलं, मला घरी जाऊ द्या. तो म्हणाला, गाडीचा रस्ता पायी तीन दिवसांचा, आडवाटेने गेलात तर कमरेइतक्या चिखलात रुताल, रविवारपर्यंत कळ काढा. मग त्यानेच हळूच विचारलं, की वहिनींशी भांडून आलात का?

शुक्रवार

झोळी नको म्हणून काल पायवाटेवर झोपलो. स्वतःच्या हातची पायवाट, तिचा भरवसा वाटला. पहाटे आचारी ओरडत धावत आला. मी कडेला कुशीवर होतो, डावा हात कोपरापर्यंत पाण्यात.

बोटांना चिखल नव्हता. हात धुतल्यासारखा स्वच्छ, आणि गरम.

आवाज फळ्यांखालून येत होता म्हणे. माझ्या फटींतून.

आचारी आता नजरेला नजर देत नाही. त्याने आपली झोळी पत्र्याच्या खोलीमागे नेली. काका, माझी पोरं लहान आहेत, एवढंच म्हणाला. त्याला काय बोलणार? त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

दुपारी रंधा मारता मारता डुलकी लागली. या आजाराचं हेच, रात्रीची झोप दिवसा वसूल होते. जाग आली तेव्हा माझ्याच तोंडातून ओ निघत होती. भर दिवसा. समोर कोणी नव्हतं. मी वळलेलो होतो, पाण्याकडे तोंड करून.

शनिवार

झोपायचं नाही असं ठरवलं होतं. पायवाट नको, जमीन नको, म्हणून झोळीत पाय खाली सोडून बसून राहिलो. जप चालू ठेवला. मध्ये कधीतरी पाय वर घेतले असणार—

जाग आली तेव्हा पाठ गरम होती. पाच दिवसांत पहिल्यांदा. छान ऊब होती, घरच्या अंथरुणासारखी. हिची पाठ माझ्या पाठीला लागायची, तशी. मी तसाच पडून राहिलो, सुखाने—

मग लक्षात आलं की मी झोळीत आहे. खाली फक्त हवा.

कापड वर-खाली होत होतं. मी श्वास रोखून धरला होता तरी होत होतं.

मुकादमाच्या पाया पडलो. वयाने लहान आहे माझ्यापेक्षा. लाजला बिचारा. उद्या गाडी आली की पहिल्यांदा तुम्हालाच बसवतो म्हणाला. खोलीत घ्या म्हटलं, तर दार पुढे लोटून म्हणाला, जागा नाही हो. तोही घाबरला आहे.

एकच रात्र उरली.

शनिवार, दिवेलागण

दुपारी मनाशी ठरवलं होतं तसं केलं. झोळीत पडून दोन्ही कडा पोटावर ओढून घेतल्या आणि आतून दोरीने पायापासून गळ्यापर्यंत शिवल्यासारख्या बांधल्या. गाठी सुताराच्या आहेत, सुटणाऱ्या नाहीत. आता कितीही सांगितलं तरी वळता येणार नाही. तोंडावर फडकं बांधलंय. आत पटाशीसारखं धारदार काही ठेवलं नाही, झोपेत हात काय करतील सांगता येत नाही. सकाळी कापून काढ, असं आचाऱ्याला सांगितलंय. त्याने लांबूनच मान हलवली.

वही छातीवर धरून लिहितोय. टॉर्च दातांत धरता येत नाही, गळ्याशी अडकवला आहे.

डॉक्टर रागावतील. नाकाने जेवढा येईल तेवढा श्वास. ओ मात्र जाणार नाही.

देवा, एवढी रात्र—

डोळे मिटत आहेत. एकदा मिटलेही. अक्षर पाहा कुठे गेलं—

हाक नाही. अजून नाही.

पाठ गार आहे. हात मागे घालून पाहिलं. घोंगडंही गार. पहिल्या रात्रीसारखं. नाही. खाली नाही. गेलं. देवा, गेलं—

पण पोटाशी ऊब आहे. पांघरुणाच्या आत. गाठींच्या आत. मी त्यालाही आत बांधून घेतलं—

माझ्याकडे तोंड करून, कुशीव