पाय हे पादत्राण नसल्याबाबत

दि. २० मे १९९६

प्रति,
मा. प्रशासक,
शीतल जलतरण तलाव,
संगमनेर, जि. अहमदनगर.

विषय : कृत्रिम पायासह किंवा पायाविना तलावाच्या काठापर्यंत येऊ देणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराची तोंडी विनंती, फाटकावरच फेटाळलेली.

महोदय,

अर्जदार कानिफनाथ साळवे हा प्राथमिक शिक्षक असून ट्रकच्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला आहे. कृत्रिम पाय लावून तो वर्षभर वर्गात उभा राहतो. उन्हाळ्यात मात्र, पायाचा उरलेला भाग ज्या प्लास्टिकच्या वाटीत बसतो तिच्यात घाम साचतो, कातडे सोलते. संध्याकाळी वाटी काढताना पत्नी भारती हिला पाहवत नाही, ती दुसऱ्या खोलीत जाते. लहानपणी प्रवरेत डुंबलेल्या माणसाला सुटीत गार पाण्यात पडावेसे वाटले, ही चैन समजली जाऊ नये. म्हणून त्याने उन्हाळी पास काढला.

पहिल्याच दिवशी रखवालदार भीमा यांनी अडवले. "चपला-बूट हितंच काढायचे." बूट पायालाच पक्का बसवलेला आहे, असे अर्जदाराने सांगितले. "मंग पाय बी हितंच काढा. नियम समद्यांना सारकाच हाय."

अर्जदाराने पाय काढून चपलांच्या फळीवर ठेवला व लंगडी घालत निघाला. तेव्हा व्यवस्थापकांनी गुळगुळीत फरशीवर लंगडी घालण्यास मनाई केली. पडलात तर जबाबदारी कोणाची, असे विचारले. पाय लावून यावे तर पादत्राण, काढून यावे तर धोका. फाटकापर्यंत सोबत आलेली भारती आधाराला खांदा द्यायला तयार होती, परंतु ती वेळ पुरुषांची होती.

अखेर अर्जदार फरशीवर बसून हातांनी सरकत काठापर्यंत गेला. वर्गातल्या मुलांचे वडील तिथे होते. त्यांनी माना फिरवल्या. पाण्यात पडल्यावर मात्र तो कोणाहून कमी नव्हता. अपघातानंतर प्रथमच कोणी त्याला "सांभाळून, गुरुजी" म्हणत नव्हते. तेवढी घटका आपल्या तलावाने दिली, हे नमूद करणे अर्जदार कर्तव्य समजतो.

बाहेर आल्यावर फळीवर पाय नव्हता. बेवारस वस्तू म्हणून व्यवस्थापकांनी तो कोठीत टाकून कुलूप लावले होते व ते जेवायला गेले होते. भारतीने नवऱ्याला रिक्षात घालून घरी नेले. पुढे निरोप आला की, मालकाने समक्ष येऊन वस्तूची ओळख पटवावी. अर्जदार कुबड्यांवर गेला. पाय उजवाच असल्याची व्यवस्थापकांनी खात्री करून घेतली. तोवर पत्र्याच्या कोठीतल्या उकाड्याने वाटी वाकली होती. ती आता बसत नाही. नवी मापे घेणारे शिबिर पावसाळ्यानंतर आहे.

सबब, भरपाई नको. माफीही नको, ती कोणत्या नमुन्यात मागायची हे अर्जदारास ठाऊक नाही. पास अजून चालू आहे. अर्जदार उद्यापासून रोज बसत, सरकत येणार आहे. त्याच्याकडे कोणी बघू नये असा आदेश आपणास काढता येत नसेल, तर फाटकापासूनच्या फरशीवर निदान पाणी मारून ठेवावे. ती तळहातांना भाजते.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
कानिफनाथ साळवे

सोबत : उन्हाळी पासाची प्रत. (पाय जोडलेला नाही.)