दाराकडे तोंड केलेले जोडे

५ मार्च, शुक्रवार
मेहुण्याला उचललं. भर सकाळी, त्याच्या दुकानातून. साध्या कपड्यातले दोघे आले, "साहेबांनी बोलावलंय" म्हणाले — आणि तो गेला.

कारण मला ठाऊक आहे. काल खानकाहात, आम्ही सूफी जपाला जमतो तिथे (पाटीवर आता 'नीतिशिक्षण मंडळ' आहे, नाहीतर केव्हाच टाळं लागलं असतं) देशप्रमुखांचा फोटो लागला. आमच्या थोरल्या पीरांच्या वर! मेहुणा पुटपुटला, "भाऊजी, आता जपही यांचाच करायचा का?" आम्ही सातआठ जण तिथे होतो, आणि सगळे आपले.

आपले कसले! कोणीतरी चुगली केली.

७ मार्च
बायको जेवत नाही. माझ्याकडे असं बघते, जणू तिच्या भावाला मीच धरून दिलं.

११ मार्च, गुरुवार
आज जप मनातल्या मनात. डफ कपाटात गेले. मोठ्याने जप केला की शेजारी तक्रार करतात म्हणे. कुठला शेजारी? आमचे गुरू शेखसाहेब हल्ली सगळ्यालाच मान डोलावतात. फोटो लावा — लावला. डफ बंद करा — केले. उद्या दाढी काढा म्हटलं तर?

माझं लक्ष मात्र चष्मेवाल्यावर होतं. आठ वर्षं दाराशी बसून सगळ्यांचे जोडे लावतो. कोण आलं, कोण लवकर उठलं, सगळं त्याच्या नजरेखाली. मेहुण्याची चौकशीसुद्धा केली नाही बेट्याने. खाली मान घालून जोडे पुसत राहिला.

१२ मार्च, शुक्रवार
शाळेतून येताना चष्मेवाला दिसला. सरकारी कार्यालयाच्या मागच्या दाराने बाहेर पडत होता. मी हाक मारली, तर गडी गल्लीत शिरला. आता शंकाच नको.

१८ मार्च, गुरुवार
केलं एकदाचं.

आमच्याकडे कुणाला हाकलायचं तर तोंडाने बोलत नाहीत. त्याचे जोडे दाराकडे तोंड करून ठेवतात. ज्याचे ठेवले त्याने ते पायात घालायचे आणि जायचं. का, कुणी, विचारायचं नाही. हा हक्क फक्त शेखसाहेबांचा. आज तो मी वापरला. सगळे डोळे मिटून बसले होते तेव्हा उठलो आणि चष्मेवाल्याचे जोडे फिरवले.

त्याने बघितलं. मग जोडे घातले, उंबऱ्याला हात लावला आणि गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१९ मार्च, शुक्रवार
शेखसाहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"तो कार्यालयात जात होता, खरं आहे," म्हणाले. "मीच पाठवत होतो. कार्यालयवाले इथे त्यांचा माणूस बसवणार होते. त्याआधी आपण आपला दिला. मी सांगेन तेवढंच तो तिकडे सांगायचा. आठ वर्षं त्याने ही बदनामी अंगावर घेतली."

"मग मेहुणा?"

"तुझ्या मेहुण्याने तीच थट्टा त्याच दिवशी भर बाजारात केली होती. त्याला सोडवायलाच चष्मेवाला खेटे घालत होता. आता चष्मेवाला परत यायचा नाही. तू जोडे फिरवलेस, पण त्याच्या मनात ते मीच फिरवले."

मी जायला उठलो.

"जागा तू रिकामी केलीस," म्हणाले. "तूच बस. घरीसुद्धा बोलायचं नाही."

२३ मार्च
कार्यालयात जाऊन आलो. आधी मेहुणा सोडा, म्हटलं. टेबलापलीकडचा हसला. चहा पाजला. चहा चांगला होता, हेच मनाला जास्त लागलं.

२९ मार्च
मेहुणा घरी आला! वाळलाय. बायकोने त्याला समोर बसवून जेवू घातलं. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. थकला असेल.

१ एप्रिल, गुरुवार
दाराशी बसलो, जोडे लावले. मेहुणा सगळ्यात शेवटी आला आणि दाराजवळच बसला.

जप संपल्यावर डोळे उघडले, तर माझे जोडे दाराकडे तोंड करून ठेवलेले. शेखसाहेब जागचे हललेच नव्हते.